राखणदाराची किल्ली कुणाकडे?

दाराला बसवलेलं ते पेरभर भिंग आता कुणाच्या फारसं लक्षातही राहिलेलं नाही. शहरांत ब्लॉकची घरं वाढली तेव्हा कडी-कोयंड्याच्या जोडीला हे भिंग आलं. बेल वाजली की घरातली बाई आधी त्याला डोळा लावायची. बाहेरचा माणूस वाटोळा, पोटफुगा दिसायचा. ओळखीचा असला तर दार उघडायचं, नसला तर आतूनच ‘कोण पाहिजे?’ त्या भिंगाची एक मोठी सोय होती, पण तेव्हा ती सोय आहे असं कुणाला वाटलंही नाही. आतून बाहेरचं दिसायचं. बाहेरून आतलं दिसायचं नाही.

आता त्या भिंगाशेजारी कॅमेरा आला आहे. नुसता दारावर नाही. जिन्यात, गाड्यांजवळ, गच्चीवर, बैठकीच्या खोलीत, बाळाच्या पाळण्यावर, आजोबांच्या खाटेसमोर. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या पाटीपेक्षा ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ ही पाटी हल्ली जास्त दिसते. दोन-अडीच हजारांना मिळणारी वस्तू. मिक्सर घेताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढीही ती घेताना करत नाही.

घराच्या राखणीला कॅमेरा लावण्याची कल्पना मूळची एका नर्सची, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी कृष्णवर्णीय परिचारिका. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांच्याही कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे फार, आणि पोलिसांना बोलावलं तर ते येईतो जीव टांगणीला. तेव्हा तिने आणि नवऱ्याने मिळून एक यंत्रणा रचली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दार उघडायला एक बटण आणि धोक्याची सूचना द्यायला दुसरं. १९६६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, डिसेंबर १९६९ मध्ये ते मिळालं. या यंत्रात चित्र जायचं ते दारापासून पलंगापर्यंत. तार घरातली, पडदा घरातला, बघणारी बाईही घरातली.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या तारेचं टोक घराबाहेर गेलं. आता साताऱ्याचं अंगण न्यू जर्सीत दिसतं. सगळी सोय त्यात आहे आणि सगळी भानगडही त्यातच आहे.

मी चौतीस वर्षं दूरसंचार खात्यात काढली. निवृत्त झाल्यावर ‘तुम्हाला त्यातलं कळतं’ या एका वाक्यावर शेजारीपाजारी, नातेवाईक, नातेवाइकांचे व्याही अशा अनेकांच्या घरचे कॅमेरे मला बघावे लागले. (चहा मात्र प्रत्येक ठिकाणी मिळतो.) लोकांचा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘फोनवर दिसत नाही, जरा बघता का?’ फोनवर दिसायला लागलं की समाधान. आणखी कुणाला दिसतंय का, हे आजवर फक्त दोघांनी विचारलं.

चित्र फोनवर येतं कसं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याच्या ढोबळ मानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट जुनी. घरातल्या इंटरनेटच्या डबीला, म्हणजे राउटरला, एक दार पाडायचं आणि ते थेट कॅमेऱ्याकडे उघडायचं. परगावाहून त्या दारावर टकटक केली की कॅमेरा विचारतो, नाव काय, परवलीचा शब्द काय? बरोबर सांगितलं की चित्र हजर. अडचण अशी की टकटक कुणीही करू शकतो. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत सारे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की एक साधं यंत्र आणि वेगवान जोडणी असेल तर या सगळ्या पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत एकेक टकटक करता येते. तेव्हा ‘आमच्या गल्लीतल्या घराकडे कोण कशाला बघतंय?’ या म्हणण्यात अर्थ नाही. चोराला तुमची गल्ली शोधावी लागत नाही. तो साऱ्या जगाच्या कड्या वाजवत जातो, आणि कुठली उघडते ते पाहतो.

आणि कड्या उघडतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका दुष्ट प्रोग्रॅमने नेमकं हेच केलं. त्याच्याजवळ कारखान्यातून येतानाच घातलेल्या साठेक नावा-शब्दांची यादी होती, ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाची. तेवढ्या भांडवलावर त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशा फितूर झालेल्या यंत्रांनी एकाच वेळी डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी बडी संकेतस्थळं अमेरिकेत काही तास आडवी झाली. मिराई रचणारे होते विशीच्या आसपासचे तिघे तरुण. ज्यांचे कॅमेरे या कामी लागले, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल. त्यांचं चित्र नेहमीसारखंच दिसत होतं.

दुसरी वाट आज सर्रास वापरली जाते. डबीवरचा क्यूआर कोड फोनने टिपला की काम झालं. इथे घराला बाहेरून दार पाडलेलं नसतं. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला आतून फोन लावून ठेवतो, आपला फोनही तिथेच येतो, आणि कंपनी दोघांची गाठ घालून देते. मला यात जुना ट्रंककॉल दिसतो. कोल्हापूरहून नागपूरला बोलायचं तर मध्ये ऑपरेटर असायची. तिने मनात आणलं तर सगळं ऐकू शकायची. लोकांना ते माहीत होतं आणि लोक त्या बेताने बोलायचे. घरातली भांडणं आणि सोयरिकीची बोलणी ट्रंककॉलवर कुणी करत नसे. आजच्या कॅमेऱ्याच्या मध्येही ऑपरेटर बसलेली आहे. फरक इतकाच की ती आहे हे आपण विसरलो आहोत.

ही ऑपरेटर कधी चुकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइज या अमेरिकी कंपनीची यंत्रणा काही वेळ बंद पडली आणि परत चालू होताना गोंधळ झाला. सुमारे तेरा हजार ग्राहकांना आपल्या फोनवर दुसऱ्यांच्या घरांतली छोटी चित्रं दिसली. दीड हजारांवर लोकांनी ती उघडलीसुद्धा. आणि कधी ऑपरेटर मुद्दाम कान लावते. ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ साली तक्रार दाखल केली. २०१७ मध्ये एका कर्मचाऱ्याने किमान ८१ महिलांच्या कॅमेऱ्यांतली हजारो चित्रणं पाहिली, असं त्या तक्रारीत म्हटलं होतं. अठ्ठावन्न लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं.

मग कंपनी नकोच, सगळं चित्रण घरातल्या रेकॉर्डरवरच ठेवू, असं कुणी म्हणेल. माझाही कल तिकडेच आहे. पण चोर आता शहाणे झाले आहेत, जाताना ते रेकॉर्डरच काखोटीला मारून नेतात. घरात ठेवावं तर चोर नेतो, बाहेर ठेवावं तर परका बघतो. या पेचाला पूर्ण उत्तर नाही. रेकॉर्डर दिवाणखान्यात टीव्हीखाली मिरवण्यापेक्षा कुलपाच्या कपाटात ठेवणं, आणि बाहेर ठेवायचं ते फक्त फाटकाचं चित्रण, घराच्या आतलं नाही, एवढी तडजोड मी सांगतो. काही कंपन्या चित्र अशा कुलपात घालून नेतात की त्यांना स्वतःलाही ते उघडता येत नाही. पण ही सोय बहुधा आपण शोधून चालू करावी लागते.

तिसरी वाट म्हणजे व्हीपीएन. आपला फोन आणि आपलं घर यांच्यामध्ये आपलाच खाजगी बोगदा. वायरगार्डसारखी फुकट साधनं त्यासाठी आहेत, चांगल्या राउटरमध्ये ती आधीपासून असतातही. तांत्रिकदृष्ट्या मला हीच वाट सगळ्यात पसंत आहे. पण आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या दहा घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बोगद्याचं तोंड काढायचं कुठे इथपासून खटपट सुरू होते. ज्यांच्या घरी कुणी हौशी भाचा-पुतण्या आहे त्यांनी जरूर करावं. ऐंशी वर्षांच्या जोडप्याला बोगदा खणायला सांगण्यात काही शहाणपण नाही. त्यांच्यासाठी दुसरीच वाट, पण डोळे उघडे ठेवून: कारखान्याचा शब्द बदलायचा, तो शब्द दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, दुसऱ्या फोनवर आकडा आल्याशिवाय खातं उघडणार नाही अशी दुहेरी कडी लावायची, आणि कंपनी सुधारणा पाठवते त्या घ्यायच्या.

हे सारं वाचून कुणाला वाटेल की धोका म्हणजे कुणी दूरदेशीचा संगणकतज्ज्ञ. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याच भागात एका गृहस्थांकडे मी गेलो होतो. दोघंही निवृत्त शिक्षक, मुलगी बंगलोरला. ॲपमध्ये ‘कुणाकुणाला दिसतं’ अशी एक यादी असते, ती सहसा कुणी उघडत नाही. मी उघडली. मुलगी, जावई, आणि तिसरा एक नंबर. तो कुणाचा हे दोघांनाही सांगता येईना. लावून बघितला तर कॅमेरे बसवून गेलेला मुलगा! शिवाय मूळ खातं त्याच्याच नावाचं. घरमालक आणि मुलगी त्याचे पाहुणे. मी त्याला बोलावून घेतलं. आला बिचारा लगेच. वागायला नम्र, कामात चोख.

‘‘काका, सर्व्हिसला लागतं म्हणून ठेवतो. लोक पासवर्ड विसरतात, मग रात्री-अपरात्री मलाच फोन.’’

‘‘अरे, पण असे किती जणांचे आहेत तुझ्याकडे?’’

‘‘सगळ्यांचेच आहेत,’’ असं म्हणून त्याने निरागसपणे स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला आणि बोटाने यादी वर सरकवू लागला. दुकानं, बंगले, एक दवाखाना, हॉल, किचन, बेडरूम वन. यादी संपेचना. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण तो फोन कधी तो रिक्षात विसरला तर? विकला तर? यादी कधी त्याच्याहून कमी नम्र अशा कुणाच्या हाती पडली तर? बाईंनी फक्त एकच विचारलं, ‘‘म्हणजे गेली तीन वर्षं?’’ त्याने मान खाली घातली. त्या दुपारी आम्ही कॅमेरे मुळापासून पुसले आणि खातं बाईंच्या नावाने नव्याने उघडलं. तो मुलगाच मदतीला होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली, तपासणीला आलेल्या बायकांची चित्रणं यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला आल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचेही तरुण होते. ‘ॲडमिन१२३’ हा तिथला परवलीचा शब्द, असं तपासाच्या बातम्यांतून पुढे आलं. मला मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न पडतो: तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावायचं सुचलं कुणाला?

हा प्रश्न घरातही विचारायला हवा, आणि तो विचारणं घरात फार अवघड असतं. माझी थोरली बहीण साताऱ्याला असते. वय अठ्ठ्याहत्तर. भाऊजी गेल्यापासून एकटी. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघराबाहेर घसरून पडली आणि कामाच्या मावशी येईपर्यंत दीड तास तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण न्यू जर्सीत माझ्या भाच्याची झोप उडाली. दिवाळीला आला तेव्हा त्याने तीन कॅमेरे लावले: अंगणात, माजघरात आणि स्वयंपाकघरात. त्यांतून बोलताही येतं. त्याच्या जागी मी असतो तरी कदाचित हेच केलं असतं.

पुढच्या खेपेला मी गेलो तर ताई घरातसुद्धा बाहेर जायच्या साडीत. एरवी सकाळी गाऊनवर ओढणी टाकून चहा करणारी बाई! विचारलं तर म्हणाली, ‘‘सूनबाई पण बघते ना रे.’’ दुपारी ती डब्यातून दुसरा लाडू काढत होती, तोच भिंतीतून आवाज आला, ‘‘आई, शुगर!’’ डबा हातातून सुटला. भाचा तिकडे हसत होता, प्रेमानेच. ताईही हसली. पण संध्याकाळी दिवा लावताना मला म्हणाली, ‘‘पोटचा पोर आहे, त्याला नको कसं म्हणू? पण देवापुढे बसले तरी वाटतं, पाठीमागे कुणीतरी उभं आहे.’’

मावशींचं तर निराळंच. त्या पोळ्या लाटताना ओव्या म्हणायच्या, त्या बंद झाल्या होत्या. मला एकटं गाठून त्यांनी विचारलं, ‘‘दादा, येक इचारू का? म्या पदर खोचते, त्येबी तिकडं दिसतं का? मला कुनी सांगितलंच न्हाई.’’ खरोखरच कुणी सांगितलं नव्हतं. ज्या घरात बाई रोज चार तास वावरते, तिथे तिच्यावर डोळा ठेवायचा आणि तिला सांगायचंही नाही, याला मी राखण म्हणत नाही.

भाच्याशी रात्री फोनवर बोललो. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, ‘‘मामा, तू म्हणतोस ते पटतंय. पण ती पुन्हा पडली तर?’’

याचं उत्तर देणं भाग होतं. त्याला मी विचारलं, आई पडली कुठे? न्हाणीघराशी. तिथे तू कॅमेरा लावणार आहेस? नाही. म्हणजे ज्या जागी म्हातारी माणसं घसरतात, नेमक्या त्या जागी कॅमेरा नसणार आणि नसावाच. तिथे भिंतीला धरायला दांडी हवी, फरशीवर खरखरीत पट्टी हवी, आणि ताईच्या गळ्यात बटण हवं, जे दाबलं की शेजारी आणि माझ्याकडे फोन वाजेल. हे तिन्ही आम्ही आठवड्यात केलं. स्वयंपाकघरातला कॅमेरा काढला. अंगणातला ठेवला, तो रात्री खरोखरच उपयोगी आहे. माजघरातल्याला भिंतीवर वेगळं बटण दिलं. ताई गावाला गेली की चालू, ताप-बीप असला की चालू, एरवी तिची मर्जी. आणि मुख्य म्हणजे खातं ताईच्या फोनवर घेतलं. आता भाचा तिचा पाहुणा आहे. हे त्याला चार-आठ दिवस लागलं, हे मी लपवत नाही. गणपतीत ताईने आपणहून कॅमेरा चालू केला, उकडीचे मोदक दाखवायला. मग बंद करायला विसरली. शेवटी भाच्यानेच तिकडून सांगितलं, ‘‘आई, बटण बंद कर, तू मला दिसते आहेस.’’

कायदा याबाबत कुठे आहे, असंही लोक विचारतात. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे विक्रीला येणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेची सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे. चांगलं झालं, पण आधीच भिंतीवर टांगलेल्यांना तिचा उपयोग नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच सोपा शब्द घालून अशी यंत्रं विकायला बंदी केली. आपला २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा घरगुती कामासाठी माणसाने स्वतः ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. मात्र कुणाचं नको त्या अवस्थेतलं चित्र त्याच्या संमतीवाचून टिपलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कोलकात्याच्या एका घरातल्या भावाभावांच्या तंट्यात, राहत्या भागात बाकीच्यांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. एकत्र कुटुंबांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

भावाभावांचं एवढं, तर चोवीस बिऱ्हाडांचं काय होत असेल? आमच्या सोसायटीत नऊ कॅमेरे आहेत. रेकॉर्डर वॉचमनच्या खोलीत आणि त्याचा परवलीचा शब्द रेकॉर्डरवरच चिकटवलेला, अशी वर्षानुवर्षांची व्यवस्था होती. आता शब्द बदलून तो सेक्रेटरी आणि खजिनदार या दोघांकडेच ठेवला आहे. चित्रण बघायचं तर दोन सभासदांसमोर, आणि कशासाठी बघितलं ते वहीत लिहायचं. पहिल्या मजल्यावर एकांनी दाराला लावलेला कॅमेरा समोरच्या दारात नेमका रोखलेला होता. ‘‘माझ्याकडे कोण येतं, किती वाजता जातं, याची नोंद यांच्याकडे कशाला?’’ असं समोरच्या बाईंनी भर सभेत विचारलं. कॅमेरा थोडा वळवला, आणि चित्रातला त्यांच्या दाराचा तुकडा काळा करून टाकला. ती सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. दोघांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही.

आता ज्यांच्या गाडीवर कुणीतरी ओरखडा काढला ते सभासद म्हणतात की नऊच्या नऊ कॅमेरे सगळ्यांच्या फोनवर द्या. आम्ही देखभालीचे पैसे भरतो. चोवीस फोन, म्हणजे त्यांची मुलं-नातवंडं धरून साठ-सत्तर. माझं मत विरुद्ध आहे आणि ते मी लेखी दिलं आहे. पुढच्या रविवारी दहाला सर्वसाधारण सभा आहे. हा विषय चौथा. तिसरा पाण्याच्या टाकीचा आहे, त्यामुळे चौथ्यापर्यंत पोचायला दुपारचे बारा तरी वाजतील.